कलामंडळांत सर्वांस स्थान

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं देवळाचा इतिहास, पूर्वीच्या धर्मगुरूंचे परिश्रम व शाळेची प्रगति ह्यांविषयीं इतर वक्त्यांनीं सविस्तर सांगितलें आहे. त्याची पुनरुक्ति करून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाहीं. महोत्सव-समितीनें ह्या वर्षापासून आपल्या धर्मग्रामांत एक कायमचें कलामंडळ स्थापण्याचें ठरविलें आहे. गाणें, नाच, लेझीम, चित्रें, रांगोळी, छोटीं नाटकें अशा सर्व कला त्यांत असाव्या आणि आसपासच्या वस्तींतील कोणत्याहि धर्माच्या व जातीच्या शेजाऱ्यांस त्यांत येतां यावें, इतकें ठरलें आहे. परंतु प्रत्यक्ष नाचण्या-गाण्यास कोणाला घ्यावें ह्या प्रश्नावर समितींत दोन पक्ष पडले असून त्याचा निकाल आज रात्रीं पंगतीनंतरच्या बैठकींत लागावयाचा आहे. म्हणून त्याच एका प्रश्नाविषयीं आम्ही चार शब्द बोलणार आहों.

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्यांचा गळा गोड, पाय हलका व अंग लवचीक अशीं मुलेंमुली निवडून घ्यावीं, त्यांस कसून तालीम द्यावी, म्हणजे जिल्ह्याच्या स्पर्धेंत आपलें नांव होईल. जे पायांनीं अधू आहेत, ज्यांस दिसत वा ऐकूं येत नाहीं, ज्यांची बुद्धि सावकाश चालते, किंवा जे वयानें थकले आहेत, त्यांस कार्यक्रमाच्या दिवशीं पुढल्या रांगेंत मानानें बसवावें व शाल-श्रीफळ द्यावें. ह्या म्हणण्यांत दुष्टपणा मुळींच नाहीं, हें आम्ही आरंभींच सांगतों. मुलांनीं चांगलें करून दाखवावें असें शिक्षकास वाटणें स्वाभाविक आहे, आणि खुर्ची देणाऱ्याच्या मनांत आदरहि आहे.

परंतु बंधुभगिनींनो, आपल्याकडील पंगतीचा रिवाज आठवा. पाहुणा पानावर बसून राहतो; घरचा मनुष्य वाढावयास उठतो. पाहुण्यास आग्रह होतो, वाटींत तूप अधिक पडतें, तरी तो पाहुणाच. पुढल्या रांगेंतील खुर्ची ही अशीच पाहुण्याची जागा आहे. पन्नास वर्षें जो ह्याच देवळांत बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधि पाहत आला, त्यास आपण सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं पाहुणा ठरवावें काय?

घरभेटीस गेलों असतां एक गोष्ट आमच्या दृष्टीस वारंवार पडते. पुढल्या खोलींत मंडळी जमतात, प्रार्थना होते, चहा येतो, आणि आंतल्या दाराआड कोणीतरी उभें असतें. कुटुंबपत्रकांत त्या व्यक्तीचें नांव असतें, परंतु ती पुढें येत नाहीं व तिला कोणी बोलावीतहि नाहीं. अशाच एका घरीं एक मुलगी आहे. शाळेच्या पटांगणांत लेझीम सुरू झाली कीं ती खिडकीच्या गजांवर बोटांनीं तोच ठेका धरते, आणि ठेका चुकत नाहीं. तिला तालमीस पाठवा असें आम्ही म्हटलें तेव्हां तिची आई हळूच म्हणाली, “फादर, लोक हंसतील हो.” मुलीच्या पायांतील अधूपणापेक्षां आईच्या मनांतील हें भय आम्हांस अधिक जड वाटलें. अधूपण मुलीपाशीं जन्मापासून आहे. भय आपण सर्वांनीं मिळून तिच्या घरांत आणून ठेविलें आहे.

कोणाला आंत घ्यावें व कोणाला दाराबाहेर ठेवावें हा झगडा आपल्या वर्धा जिल्ह्यास नवीन नाहीं. १९२८ सालीं शेठ जमनालाल बजाज ह्यांनीं वर्धा येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुलें केलें. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण ह्यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांसाठीं धाम काढलें. ज्या काळीं असा रोगी दिसतांच लोक वाट सोडून जात, त्या काळीं एक धडधाकट मनुष्य त्यांच्यांत राहावयास गेला. १९३९ सालीं परचुरे शास्त्री, एक संस्कृत पंडित, ह्याच रोगानें जर्जर होऊन सेवाग्रामच्या आश्रमांत आले. महात्मा गांधींनीं त्यांना जवळच झोपडी बांधून दिली व त्यांचें अंग आपल्या हातांनीं चोळून त्यांची शुश्रूषा केली.

एकानें दार उघडलें, दुसऱ्यानें आश्रय दिला, तिसऱ्यानें शेजार दिला. आतां पुढली पायरी आपली आहे. ज्याला आंत घेतलें त्याच्यासह गावयाचें आणि नाचावयाचें. ही पायरी सोपी दिसते, तरी ती चढण्यास लोक कचरतात, असा आमचा अनुभव आहे. आजाऱ्याच्या उशाशीं बसावयास माणसें मिळतात. सणाच्या दिवशीं त्यास हाताला धरून अंगणांत आणणारा क्वचित् भेटतो. दुःखांत सोबत करणारा वरच्या जागीं राहूं शकतो. आनंदांत सोबत घ्यावयाची तर बरोबरीनें उभें राहावें लागतें.

कला ही निवडक लोकांची वस्तु नव्हे, हा पाठहि ह्याच जिल्ह्यांत दिला गेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें शिक्षण-परिषद भरली व तींतून नई तालीम निघाली, हें आपण जाणतां. त्या नई तालमींत १९४४ पासून देवीप्रसाद नांवाचे शांतिनिकेतनांत शिकलेले कलावंत सेवाग्राम येथें चित्रकला शिकवीत. खेड्यांतील मुलांच्या हातीं त्यांनीं रंग दिले ते त्यांतून चार नामांकित चित्रकार निघावे ह्या आशेनें नव्हे. चित्र काढणें ही प्रत्येक मुलाच्या वाढीची गरज आहे अशी त्यांची श्रद्धा होती, व तीच त्यांनीं पुढें ग्रंथरूपानेंहि मांडली. भाकरी वाढतांना आपण मुलाची परीक्षा घेत नाहीं; रंग वाढतांना कां घ्यावी?

आतां जिल्ह्याची सीमा ओलांडून किंचित् दक्षिणेस चला. हिंगणघाट सोडून आगगाडी चंद्रपूरकडे निघाली म्हणजे वरोरा लागतें. हिंगणघाट हें बाबा आमटे ह्यांचें जन्मगांव. १९१४ सालीं ते तेथें जन्मले. वरोऱ्यास त्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली व पुढें आनंदवन उभारलें. समाजानें टाकलेल्या माणसांच्या हातीं त्यांनीं भिक्षेऐवजीं काम दिलें. त्याच आनंदवनांत २००२ सालीं डॉ. विकास आमटे ह्यांच्या पुढाकारानें ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला. ज्यांस दिसत नाहीं ते त्यांत गातात. ज्यांस ऐकूं येत नाहीं तीं मुलें नाचतात. हातापायांनीं अधू असलेले व कुष्ठरोगांतून बरे झालेले त्यांच्याच सोबत रंगमंचावर उभे राहतात. हे प्रयोग लोकांनीं तिकीट काढून पाहिले आहेत, आणि ह्या तिकिटांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. भिक्षा घालणारा नाणें टाकून पुढें जातो. तिकीट काढणारा समोर बसून राहतो, लक्ष देऊन पाहतो, आणि एखादें गाणें आवडलें नाहीं तर कुरकुरतोहि. पाहणाऱ्यास कुरकुरण्याचा हक्क आला म्हणजे समजावें कीं, करणारा आतां कलावंत मानला गेला.

बहिऱ्या मनुष्यास नाचतां कसें येईल, असा प्रश्न येथें कोणी विचारील. लांकडी फळ्यांवर उभें राहिलें असतां ढोलाचा हादरा तळपायांस कळतो. शेजाऱ्याच्या खांद्याची हालचाल डोळ्यांस दिसते. समोर उभा असलेला शिक्षक हातानें खूण करितो. कान हा तालाचा एक दरवाजा आहे, एकुलता एक नव्हे.

आपल्या विदर्भांतील लोककलांकडे पाहिलें तर त्यांत सर्वांची सोय किती सहज आहे, हें ध्यानांत येतें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. गाणीं आटोपलीं म्हणजे झांकलेला डबा हलवितात व आवाजावरून आंतला खाऊ कोणता तें ओळखावयाचें असतें. ह्या खेळांत डोळस मुलीस अंध मुलीपेक्षां तिळभरहि अधिक सोय नाहीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर गांवेंच्या गांवें गावयास लाविलीं. खंजिरी बसून वाजवितां येते, आणि पालुपद उचलण्यास कोणास शिकवणी लागत नाहीं. गोंड व कोलाम बांधवांच्या ढेमसा नृत्यांत मंडळी एकमेकांस धरून ढोलावर गोलाकार फिरतात. एखाद्याचें पाऊल अडखळलें तर दोन्ही बाजूंचे हात त्यास सांवरतात. तान्ह्या पोळ्यास लांकडी बैल घेऊन निघालेल्या लेकरांस कोणी चाचणी घेऊन निवडीत नाहीं. अर्थात् जुन्या गांवांतहि जातीपातीच्या भिंती होत्या आणि कित्येकांस त्या रिंगणांत पायहि ठेवूं देत नसत, हें विसरून चालणार नाहीं. त्या भिंती काढून रिंगण तेवढें ठेवावें, एवढीच आमची मागणी आहे.

दूरच्या देशांतहि लोक ह्याच विचारास येऊन पोंचले आहेत. लंडन येथील सेलेस्ट डँडेकर ही नर्तकी १९७३ सालीं रंगमंचावर नाचत असतांनाच पडली व तिच्या पाठीच्या कण्यास इजा होऊन ती चाकांच्या खुर्चीस खिळली. १९९१ सालीं तिनें ॲडम बेंजामिन ह्यांच्या सहकार्यानें ‘कॅन्डोको’ ही नृत्यमंडळी काढली. तींत धडधाकट व अपंग नर्तक एकत्र नाचूं लागले, आणि खुर्चीचें चाक हेंहि नृत्याचें एक अंग झालें. अमेरिकेंत २००१ सालीं मार्क मॉरिस ह्यांच्या नृत्यसंस्थेनें ब्रुकलिन येथें पार्किन्सन ह्या मज्जाविकाराच्या रोग्यांसाठीं नृत्यवर्ग उघडला. ह्या विकारांत हात कांपतात व पाऊल जमिनीस चिकटल्यासारखें होतें. परंतु ठेका ऐकूं आला म्हणजे पुष्कळांस पाऊल उचलावयास आधार मिळतो. आपल्या पुण्यासहि ऋषिकेश पवार ह्यांनीं पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांस अशाच रीतीनें नृत्य शिकविलें. तीं माणसें उतारवयाचीं होतीं. स्पर्धेची ढाल जिंकण्यासाठीं तीं आलीं नव्हतीं.

ह्या विषयास धर्मग्रंथाचाहि आधार आहे. दावीद राजा कराराच्या कोशापुढें सर्व बळानिशीं नाचला, ही कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे. त्या वेळीं त्याची राणी मीखल खिडकींतून पाहत होती, आणि राजानें सामान्य लोकांत मिसळून नाचावें ह्याबद्दल तिला त्याचा तिरस्कार आला. ती आपखुषीनें खिडकींत उभी राहिली. आपल्या धर्मग्रामांत मात्र कांहीं जण आपल्या इच्छेविरुद्ध खिडकींत उभे आहेत. आणि जर ते रिंगणांत आले असतां आम्ही तोंड फिरविलें, तर मीखलेच्या जागीं आम्ही उभे राहूं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप : कार्यक्रमाची शोभा जाईल. ह्यावर आमचें उत्तर असें कीं, माणूस नाचास जुळत नसेल तर नाच बदलावा. लेझीमचे सर्व हात उभ्यानेंच केले पाहिजेत असा कोठें नियम आहे? दहा जण बसून व दहा जण उभे राहून एकच हात करितील तर त्यालाहि एक रचना आहे, आणि ती बसविण्यांतच शिक्षकाचें कौशल्य आहे. तालीम कसूनच व्हावी. चूक झाली तर अपंग म्हणून सोडूं नये, पुन्हां करवून घ्यावी. ज्याची चूक कोणी दाखवीत नाहीं, त्यास कोणी खरोखर मोजीतहि नाहीं. ज्यांस जिल्ह्याच्या स्पर्धेंत उतरावयाचें आहे त्यांनीं अवश्य उतरावें, परंतु मंडळाचें दार स्पर्धेच्या मापानें कापूं नये.

दुसरा आक्षेप : लोक हंसतील. पहिल्या दिवशीं कदाचित् हंसतीलहि. परंतु जो मनुष्य स्वतः रिंगणांत आहे त्यास हंसावयास सवड नसते. म्हणून हंसणाऱ्यांवर उपाय एकच. त्यांनाहि आंत ओढावें.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, तरी तो आम्हांस ठाऊक आहे. ज्याचीं बोटें कुष्ठरोगानें झडलीं आहेत त्याचा हात धरावा कसा? जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं ह्या रोगावर अनेक औषधांचा एकत्रित उपचार सांगितला, आणि आपल्या देशांत ज्या थोड्या जिल्ह्यांत तो आरंभीं देण्यांत आला त्यांत वर्धा जिल्हा होता. हा उपचार घेतलेल्यापासून दुसऱ्यास लागण होत नाहीं. झडलेलीं बोटें पूर्वींच्या रोगाची खूण आहेत, चालू रोगाची नव्हेत. दत्तपूर ज्याच्या कुशींत आहे त्या जिल्ह्यांतील लोकांनीं तरी असला हात धरावयास भिऊं नये.

मंडळाच्या व्यवस्थेविषयीं आमच्या कांहीं सूचना आहेत. तालीम सभागृहाच्या माडीवर न घेतां खालच्या पडवींत घ्यावी. पायऱ्यांच्या बाजूस उताराचा ओटा बांधावा. गवंडी व सिमेंट दोन्ही आपल्या वस्तींत आहेत. वेळ सायंकाळीं ठेवावी, म्हणजे शेतावरून व मजुरीवरून परतलेल्यांस येतां येईल. ज्याला एकट्यानें येतां येत नाहीं त्यास आणण्या-नेण्याची जबाबदारी युवकसंघानें पाळीपाळीनें घ्यावी. ज्याला कांहीं अडचण आहे त्याला स्वतःला विचारावें. त्याच्या आईस, भावास किंवा आम्हांस विचारून त्याच्या वतीनें ठरवूं नये. अडखळल्यास लगेच उचलावयास धांवूं नये, आधीं हात पुढें करावा. आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांत ह्या बांधवांपैकीं निदान दोघे असावे, कारण जेथें निर्णय होतात तेथें त्यांस जागा नसेल तर रिंगणांतील जागाहि फार दिवस टिकणार नाहीं.

कलेनें अपंगत्व जातें असें आम्ही म्हणत नाहीं. नाचल्यानें अधू पाय सरळ होणार नाहीं व गाइल्यानें दृष्टि येणार नाहीं. उपचार, शिक्षण, निवृत्तिवेतन, रोजगार हे प्रश्न आपल्या जागीं आहेत व त्यांसाठीं स्वतंत्र खटपट केलीच पाहिजे. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, आणि सांस्कृतिक जीवनांत व करमणुकींत भाग घेण्याचा ह्या सर्वांचा हक्कहि त्याच कायद्यानें मान्य केला. ‘दिव्यांग’ हा नवा शब्दहि आतां सर्वत्र रूढ झाला आहे. शब्द चांगला आहे. परंतु नवें नांव देऊन जुन्याच खिडकींत उभें केलें तर त्या नांवाचा काय उपयोग? कायदा हक्क देऊं शकतो. सायंकाळीं दारावर थाप मारून “चल, तालमीची वेळ झाली” असें म्हणणें शेजाऱ्यालाच करावें लागतें.

आणि ह्यांत केवळ त्यांचाच लाभ आहे असें समजूं नका. आज जे धडधाकट आहेत त्यांपैकीं पुष्कळांस पुढें काठी लागेल, चष्म्यानें भागणार नाहीं, कान मंद होतील. जें मंडळ आज आपण इतरांसाठीं रुंद करूं, त्यांतच उद्यां आपल्यालाहि उतारवयांत बसावयास जागा मिळेल.

प्रमुख धर्मगुरु ह्या नात्यानें हा प्रश्न आज्ञा करून सोडविणें आम्हांस अशक्य नव्हतें. परंतु आज्ञेनें धरलेला हात आज्ञा संपतांच सुटतो. म्हणून निर्णय आपणांवर सोंपविला आहे. सभागृहाच्या दाराशीं मंडळाची नोंदवही ठेविली आहे. तींत नांवापुढें एकच रकाना आहे : “काय आवडतें?” काय येतें, हें त्यांत विचारलेलें नाहीं. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचें नांव शेजाऱ्यानें लिहावें. आणि ज्या घरांत कोणी आंतल्या दाराआड उभें आहे, त्या घरच्या मंडळींनीं तें नांव सर्वांत आधीं लिहावें, अशी आमची हात जोडून विनंति आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.